दोषाचा रकाना

आमच्या भिंगरीचा पहिला शब्द ‘आई’ नव्हता, ‘बाबा’ नव्हता, आणि ‘आजोबा’ तर नव्हताच नव्हता. तो होता ‘दल’. माझी लेक म्हणायची, ती ‘चल’ म्हणते. जावई जहाजावर इंजिनाच्या कामाला असतो, तो फोनच्या पडद्याला नाक लावून म्हणायचा, ‘चल’च म्हणते, दुसरं काय! शेजारीणबाई म्हणायच्या, ‘‘अहो, बोलते चल आणि चालत मात्र नाही. त्यात नाव भिंगरी. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा!’’ सगळे हसायचे. मीही हसायचो. त्या शब्दाचा खरा अर्थ घरात एकट्या मला माहीत होता, आणि मी मूग गिळून बसलो होतो.

मी लिफ्टवाला. लिफ्ट चालवणारा नव्हे, दुरुस्त करणारा. हा फरक लोकांना समजावण्यातच माझी निम्मी हयात गेली. चौतीस वर्षं मी लिफ्टच्या पेटीच्या टपावर उभा राहून काम केलं, कमरेला पट्टा लावून. पट्टा न लावता टपावर चढलेल्या माणसाला मी खाली उतरवून शिव्या घातल्या आहेत, मग तो साहेब का असेना. प्रत्येक इमारतीत आमची एक वही असायची. तिच्यात चार रकाने: तारीख, तपासणी, दोष, सही. निवृत्त झालो तेव्हा दोन वस्तू घरी आणल्या. एक तो पट्टा आणि दुसरी पत्र्याची पाटी, ‘काम चालू आहे’. पाटी मी न्हाणीघराच्या दाराला लावली. बायको होती तेव्हा तिला त्याचा फार राग यायचा.

लेकीची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा तिने विचारलं, ‘‘बाबा, जमेल ना तुम्हाला?’’ ती इस्पितळात एक्स-रे काढते. सकाळी आठला निघते, साडेचारला येते.

मी म्हणालो, ‘‘तेरा माणसांची पेटी चौतीस वर्षं सांभाळली. ही आठ किलोची काय चीज आहे?’’

आणि मी तिच्या नावाने वही सुरू केली. तेच चार रकाने. दोरी ओवून फ्रिजच्या दांड्याला टांगली. ‘तपासणी: दूध प्यायली, केळं अर्धं, शी एकदा, समाधानकारक. झोप दीड ते तीन. दोष: काही नाही.’ खाली माझी सही, अगदी लफ्फेदार. लेक संध्याकाळी आली की आधी वही वाचायची, हसायची, आणि फोटो काढून जहाजावर पाठवायची. ‘दोष: काही नाही’ हे मी दोनशेवर वेळा लिहिलं असेल.

अकराव्या महिन्यात भिंगरी खुर्चीला धरून उभी राहिली आणि मी धावत जाऊन तिला खाली बसवलं. लोकांना अशा वेळी आनंद होतो म्हणे. माझ्या लेकीच्या हनुवटीखाली तांदळाच्या दाण्याएवढा व्रण आहे. ती दीड वर्षाची असताना तिची आई बाहेर गेली होती. मी रात्रपाळी करून आलो होतो आणि पोरीला राखता राखता माझा डोळा लागला. ती दारातून बाहेर पडून तीन पायऱ्या गडगडली. बायकोला मी सांगितलं, खेळवताना हातातून निसटली. ते खोटं मी एवढ्या वेळा सांगितलं की माझं मलाच खरं वाटायला लागलं होतं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर ताकाला पट्टाच बांधला. माझा जुना पट्टा कापला, जुन्या पँटचा पाय उसवून बिनबाह्यांचा छोटा कुडता केला, दाभणाने दोन्ही जोडलं आणि पाठीला दीड मीटरची पट्टी सोडली. शिवण अशी की मी स्वतः लटकलो असतो तरी उसवली नसती. भिंगरी पुढे, मागे पट्टीचं टोक धरून मी. डोकं जमिनीला टेकायच्या आत मी तिला उचलत असे. एकदाही पडली नाही. याचा मला केवढा गर्व!

हे झालं अर्धं खरं.

उरलेलं अर्धं असं, की जेवण झालं की माझे डोळे मिटतात. वयाला दोष देण्यात अर्थ नाही, तिशीतही मिटायचेच. आणि भिंगरीने वर्षाची व्हायच्या आधीच दुपारची झोप सोडली. वहीतली ‘झोप दीड ते तीन’ खोटी नव्हती, फक्त ती झोप माझी होती. त्या दीड तासात मी पट्टीचं टोक जेवणाच्या टेबलाच्या पायाला अडकवत असे. मोजून. बटणाच्या बोर्डाला हात पोचत नाही, दाराला पोचत नाही, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पोचत नाही. भोवती चमचे, वाट्या, एक जुना टॉर्च. ती त्या गोलात फिरायची आणि मी सोफ्यावर घोरायचो. पहिल्या दिवशी मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी जरा कमी लागलं. आठव्या दिवशी मी उशी घेतली.

साडेतेराव्या महिन्यात एका सकाळी तिने पाऊल टाकलं. पट्टी माझ्या हातात होती. खिडकीपासून सोफ्यापर्यंत चार पावलं, मोजून चार. मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की खालचे लोक वर बघायला लागले. धावत जाऊन वही उघडली, पेन काढलं, आणि पेन तसंच राहिलं. लिहिलं तर लेक संध्याकाळी म्हणणार, दाखवा. दाखवायचं म्हणजे पट्टा दाखवायचा. पट्टा दिसला की ती विचारणार, कधीपासून आहे हा, कशाकशाला वापरता. टेबलाच्या पायावर पट्टीने घासून पॉलिश उडालं होतं, ते तिच्या नजरेतून सुटलं नसतं. मी ठरवलं, आठ दिवसांत ही बिनपट्ट्याची चालेल, तेव्हा लेकीसमोरच पहिलं पाऊल पडलं असं होईल. म्हणजे लबाडी लपेल आणि वर लेकीला आनंदही होईल. कारागीर माणसाला आपली अक्कल फार असते.

आठ दिवस गेले, महिना गेला. भिंगरी पट्ट्यात धावायला लागली, पण कशी? अंगाचा सगळा भार पुढे टाकून, पट्ट्यावर रेलून. मागची ओढ हाच तिचा तोल झाला होता. पट्टा काढला की दोन क्षण उभी राहायची, मागे काही ओढत नाही हे कळलं की धप्पकन बसायची. मग रांगत जाऊन पट्टीचं टोक आणायची, माझ्या मुठीत कोंबायची आणि म्हणायची, ‘‘दल.’’

मी तिला बिस्कीट देताना म्हणतो, ‘हे धर.’ चमचा देताना म्हणतो, ‘धर बाळा.’ ती चल म्हणत नव्हती. ती धर म्हणत होती.

लेकीची यायची वेळ झाली की पट्टा माझ्या हत्यारांच्या पिशवीत जायचा. ती चपला काढायच्या आधीच गुडघ्यांवर बसायची, दोन्ही हात पसरायची. ‘‘चल, चल, माझी भिंगरी! आईकडे चल!’’

भिंगरी सोफ्याला धरून उभी. ‘‘दल.’’

‘‘हो, चल म्हणतेस ना? मग ये की गं!’’

भिंगरी माझ्याकडे बघायची. मी पाणी प्यायला आत जायचो. त्या दिवसांत मी फार पाणी प्यायलो.

अठरावा महिना भरला तेव्हा लेकीने तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मीही गेलो, पिशवी धरायला. बाईंनी पाय वाकवले, तळव्यांना गुदगुल्या केल्या, उभी करून पाहिली. म्हणाल्या, ‘‘पायात ताकद आहे. तरी पाऊल टाकत नाही, म्हणजे खुब्याच्या सांध्याची एकदा खात्री करून घेऊ. एक्स-रे काढा. काही निघेलच असं नाही.’’

रोज पन्नास लोकांचे एक्स-रे काढणारी माझी लेक, तिचा चेहरा कागदासारखा झाला. घरी येताना बसमध्ये ती म्हणाली, ‘‘बाबा, मला विभागाची इन्चार्ज करणार होते. मी नको म्हणून सांगणार आहे.’’

‘‘का गं?’’

‘‘नोकरीच सोडते. मी घरात असते तर हे मला चार महिन्यांपूर्वी कळलं असतं. मी दुसऱ्यांची हाडं बघत बसले.’’

चार महिन्यांपूर्वी ही खिडकीपासून सोफ्यापर्यंत चालली होती. दोषाची खरी जागा सोडून ती भलतीकडेच बोट दाखवत होती, स्वतःकडे, आणि मी बसच्या दांड्याला धरून उभा होतो.

एक्स-रे गुरुवारी होता. मधले तीन दिवस मी पट्टा सोडवायला जीव पणाला लावला. पट्टीऐवजी दोरा लावला, तिला कळलं. पट्टी धरल्यासारखं करून सोडून दिली, तेही कळलं. मागे वळून बघायची आणि बसायची. बुधवारी ती रडून रडून लाल झाली, ‘दल, दल’ करत माझी बोटं उघडत राहिली. दुपारी मी झोपलो नाही. टेबलाच्या पायाकडे बघत बसलो.

त्या संध्याकाळी मी लेकीला सांगायला गेलो. ती भिंगरीचे कपडे घड्या करत होती. मी म्हणालो, ‘‘ऐक, मला जरा बोलायचंय.’’

‘‘मलाही बोलायचंय,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही नसता ना बाबा, तर माझं काय झालं असतं कोण जाणे. तिला एक ओरखडा येऊ दिला नाहीत तुम्ही.’’ आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी तिचे केस थोपटले. भ्याड माणसाला प्रेमाचा फार आधार असतो.

गुरुवारी सकाळी भिंगरीच्या पिशवीत लंगोट, पाण्याची बाटली, एक चित्रांचं पुस्तक आणि सगळ्यात खाली मी तो पट्टा टाकला. का टाकला ते तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.

एक्स-रेची खोली थंड होती. लेकीची सहकारी, जाड भिंगांच्या चष्म्याची एक हसरी बाई, यंत्र लावत होती. लेकीने माझ्या अंगावर शिशाचा जड अंगरखा चढवला. म्हणाली, ‘‘आमच्यात नियम आहे. आम्ही पेशंटला धरत नाही, नातेवाईक धरतात. आणि मला आज बघवणार पण नाही. बाबा, तुम्ही धरा.’’

भिंगरीला टेबलावर निजवलं. ती किंचाळत होती, पाय झाडत होती. ‘‘कंबर हलू द्यायची नाही,’’ म्हणत सहकारी बाईने टेबलाच्या कडेचा रुंद पट्टा वर आणला.

आणि भिंगरी गप्प झाली. पट्ट्याकडे बघितलं. गालांवर पाणी तसंच, आणि तोंडभर हसली. उठून बसली. पट्ट्याचं टोक दोन्ही हातांनी ओढलं, माझ्या मुठीत कोंबलं आणि म्हणाली, ‘‘दल!’’ मग पोटावर वळून टेबलाच्या कडेवरून पाय खाली सोडायला लागली. तिला वाटलं, आता चालायचं.

‘‘कुठे चल म्हणतेय ही?’’ लेक म्हणाली.

‘‘चल नाही गं,’’ मी म्हणालो. ‘‘धर म्हणतेय. एक्स-रे काढू नकोस. हिच्या हाडाला काही झालेलं नाही.’’

बाहेरच्या लांब बोळात मी पिशवीतून पट्टा काढला. मला बक्कल लागेना. ते लेकीने लावलं. मी टोक धरलं. भिंगरी पुढे झुकली आणि सुटली. बाकांवरच्या पेशंटांच्या पायांमधून, पाण्याच्या पिंपाला वळसा घालून, थेट बोळाच्या टोकापर्यंत. वळली आणि परत आली. लेकीने आपल्या मुलीला चालताना पहिल्यांदा बघितलं ते असं, इस्पितळात, कमरेला पट्टा.

‘‘कधीपासून?’’

‘‘साडेतेराव्या महिन्यापासून.’’

सहकारी बाई दारात आली होती. ती टाळ्या वाजवत म्हणाली, ‘‘अगं, पडू नये म्हणून आजोबांनी केवढी युक्ती केली! एवढी काळजी कोण घेतं आजकाल?’’

मला तिथे थांबता आलं असतं. अर्ध्या खऱ्यावर माझी सुटका होत होती, वर शाबासकीही मिळत होती. पण लेक हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, एक्स-रेची फिल्म उजेडाला धरून बघतात तशी.

‘‘काळजी नाही,’’ मी म्हणालो. ‘‘म्हणजे सगळीच नाही. दुपारी मी झोपायचो. तेव्हा हिला टेबलाच्या पायाला बांधायचो. रोज.’’

सहकारी बाई आत निघून गेली.

‘‘बांधायचात,’’ लेक म्हणाली.

‘‘हो.’’

‘‘वहीत लिहायचात, झोप दीड ते तीन.’’

‘‘ती माझी.’’

ती खाली बाकावर बसली. ‘‘मी रोज तिला चल चल म्हणत होते,’’ ती म्हणाली. ‘‘रोज. आणि ती मला धर म्हणत होती. बाबा, ती माझ्याकडे हात मागत होती आणि मी पसरलेले हात घेऊन लांब बसले होते.’’ मग ती रडली. मी पट्टीचं टोक धरून उभा, आणि भिंगरी आमच्या दोघांमध्ये ताणून उभी.

लाज गेलीच होती, मग उरलेलंही सांगून टाकलं. म्हणालो, ‘‘तुझ्या हनुवटीचं पण. हातातून निसटली नव्हतीस तू. तेव्हाही मी झोपलो होतो.’’

तिने डोळे पुसले. ‘‘ते माहीत आहे मला. आईने सांगितलं होतं. दार उघडं होतं आणि तुमच्या गालावर उशीचा वळ होता म्हणे.’’

‘‘ती मला कधीच काही बोलली नाही.’’

‘‘म्हणायची, त्यांना विचारू नकोस, कधीतरी ते स्वतःच सांगतील.’’ लेक उठली, पट्ट्याचं बक्कल सोडवलं आणि पोरीला कडेवर घेतलं. ‘‘वाट बघत होती ती.’’

तीस वर्षं एक बाई वाट बघत होती, आणि मी तिला न्हाणीघरावरची पाटी काढा म्हणून भांडते असं समजत होतो. मी तिथेच बसलो. शिशाचा अंगरखा अजून अंगावरच होता.

पुढचे चार दिवस लेक माझ्याशी तीनच वाक्यं बोलली. तिन्ही चहाबद्दल होती. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, पट्टा बंद करा, महिनाभर बघा. लेकीने एक आठवडा रजा घेतली, इन्चार्जचं काम घेते म्हणून कळवलं, आणि कोपऱ्यावरच्या पाळणाघरात नाव घातलं. आता भिंगरी तीन वाजेपर्यंत तिथे, तीन ते साडेचार माझ्याकडे. ‘‘म्हणजे तुमची झोप झालेली असेल,’’ लेक म्हणाली. त्यात टोमणा होता, आणि तो माझ्या हक्काचा होता. मी मान डोलावली.

पाळणाघर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी वही उघडली. तपासणीच्या रकान्यात काही लिहिलं नाही. दोषाच्या रकान्यात लिहिलं: ‘आजोबा झोपतात. आजोबा सांगत नाहीत.’ सही केली, साधी. लेकीने वाचली असावी.

पट्टा फेकून द्यायला मी तयार होतो. भिंगरी देईना. कुडता अंगात नको होता, पण पट्टी हवी होती. ती घेऊन रांगायची, झोपायची. पाळणाघराच्या अकराव्या दिवशी सव्वातीनला मी खुर्चीत बसलो होतो, टक्क जागा. ती सोफ्याला धरून उभी होती, पट्टीचं टोक तिच्याच मुठीत. माझ्याकडे बघितलं, पट्टी पुढे केली. ‘‘दल.’’

मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसलो. ‘‘तूच धर,’’ मी म्हणालो. ‘‘तूच धर, बाळा.’’

तिने पट्टीकडे बघितलं. दुसरा हातही पट्टीवर आणला, घट्ट आवळली, आणि सोफा सोडला. एक. दोन. झुकली, कलली, माझ्या मांड्यांखालचे हात निघायला लागले, मी पुन्हा दाबून बसलो. तीन. चार. पाचव्याला पडली. पहिल्यांदा पडली, कपाळ लादीला लागलं, रडली. मी उचलून घेतलं, टेंगूळ आलं, थंड पाण्याची पट्टी ठेवली. मग ती माझ्या मांडीवरून खाली घसरली आणि पुन्हा सोफ्याकडे गेली.

साडेचारला लेक आली. मी दारातच सांगितलं, ‘‘चालली. मी बघितलं. पडली पण. हे बघ टेंगूळ.’’ सगळं एका दमात. लेक गुडघ्यांवर बसली, हात पसरले. चल म्हणाली नाही. नुसती बसली. भिंगरी पट्टी मुठीत आवळून, स्वतःलाच घट्ट धरून, हेलकावे खात तिच्याकडे निघाली.

त्या दिवशी मी वहीत वेळ लिहिली, पावलं लिहिली, टेंगूळ लिहिलं. दोषाच्या रकान्याकडे गेलो तर तिथे माझ्या त्या जुन्या ओळीखाली लेकीच्या अक्षरात आधीच काहीतरी लिहिलेलं होतं. तारीख पाळणाघराच्या पहिल्या दिवसाची होती. म्हणजे दहा दिवस ते तिथेच होतं आणि मी भीतीने त्या पानाकडे वळून बघितलं नव्हतं.

तिने लिहिलं होतं, ‘काम चालू आहे.’

सहीचा रकाना तिने मोकळा ठेवला होता. तो अजून मोकळाच आहे.